कुत्रं-मांजर हरवलंय? पोस्टर छापण्याआधी विहिरीत बघा

गेली अकरा वर्षं मी गोव्यातल्या डिचोली, बारदेश आणि तिसवाडी या तालुक्यांत हरवलेली कुत्री-मांजरं त्यांच्या घरी पोचवते. पहिली माझीच मांजर गेली होती. ती नवव्या दिवशी शेजारच्या बंद घरात सापडली, आणि तेव्हापासून लोकांचे फोन यायला लागले ते थांबलेच नाहीत. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “सगळीकडे बघितलं हो, कुठेच नाही.” आणि जनावर बहुतेक वेळा घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असतं. कुठेतरी अडकलेलं, भिऊन लपलेलं, नाहीतर कुणी भल्या माणसाने बाल्कांवाच्या (ओसरीच्या) खांबाला बांधून ठेवलेलं. अलीकडच्या वाड्यावर (वस्तीवर) पोरं रडून जेवत नाहीत, पलीकडच्या वाड्यावर “आमगेर एक सुणें येवन रावलां, कोणाचें काय?” (आमच्याकडे एक कुत्रं येऊन राहिलंय, कुणाचं असेल?) अशी विचारपूस चालते, आणि दोघांच्या मध्ये असतं एक शेत. त्या शेताच्या दोन्ही काठांना एकमेकांची खबर पोचवणं, एवढंच खरं काम आहे.

खालचा क्रम फुकट आणि सोप्या गोष्टींपासून खर्चिक आणि अवघड गोष्टींकडे लावला आहे. तो मोडू नका. लोक घाबरून आधी पोस्टर छापतात, बक्षीस जाहीर करतात, आणि मांजर स्वतःच्याच माळ्यावर कौलांखाली बसलेली असते.

आधी लक्षणं

जनावर कसं गेलं ते शांतपणे आठवा. ते कुठे असेल, हे त्यावरून पुष्कळसं ठरतं.

आवाजाला भिऊन सुटलेलं कुत्रं: चवथीचे फटाके, दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचं संगीत, चर्चच्या फेस्ताचे गर्नाल (मोठे बार), ३१ डिसेंबर, जूनमधला पहिला गडगडाट. असं कुत्रं नाकासमोर धावत सुटतं. वास घेत नाही, वाट लक्षात ठेवत नाही. एक-दोन किलोमीटर सहज जातं आणि मग दिवसभर काजूच्या बागेत नाहीतर मोरीखाली दडून राहतं. हालचाल करतं ती पहाटे. या अवस्थेत ते मालकाच्या हाकेलाही पळून जातं. त्याने तुम्हाला ओळखलं नाही असा अर्थ काढून रडू नका, भीती उतरायला त्याला वेळ लागतो.

फाटक उघडं राहिल्याने फिरायला गेलेलं कुत्रं: हे भ्यालेलं नसतं, रमलेलं असतं. मासळीचा गाडा, हॉटेलची मागची बाजू, दुसऱ्या कुत्र्यांची टोळी, अशा ठिकाणी सापडतं. नर असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर माजावर आलेल्या कुत्रीचा माग काढा. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना आणि चवथही भाद्रपदातलीच, त्यामुळे वर्षातले सगळ्यांत जास्त फोन मला त्या पंधरवड्यात येतात.

घरातच वाढलेली मांजर बाहेर पडली: ती लांब जात नाही. दोन-तीन घरांच्या आत, काळोख्या आणि अरुंद जागी, अजिबात आवाज न करता बसते. तुम्ही तिच्या अंगावरून गेलात तरी ती ओ देणार नाही.

रोज बाहेर फिरणारी मांजर रात्री आलीच नाही: हे लक्षण वेगळं आहे. तिला सगळ्या वाटा माहीत असतात, म्हणजे कशानेतरी तिला अडवलं आहे. एक तर कुठेतरी कोंडली गेली आहे किंवा तिला इजा झाली आहे.

नव्या घरी आणलेलं जनावर जुन्या घराची दिशा धरतं. किनाऱ्यावर भाड्याच्या घरात मालकाबरोबर आलेलं कुत्रं, ज्या जागी गाडी उभी होती तिथेच बहुधा घुटमळतं. म्हातारं, कमी दिसणारं किंवा कमी ऐकू येणारं कुत्रं चालत राहतं आणि पहिल्या अडचणीत अडकतं. ओहोळ, गटार, कुंपणाची फट, सगळं जवळचं आधी बघा. आणि जातिवंत, पट्टा घातलेलं कुत्रं भरदिवसा रस्त्यावरून नाहीसं झालं, कुणाला एकदाही दिसलं नाही, तर ते कुणीतरी उचलून नेलं असं धरून चला. चांगल्या मनाने किंवा वाईट, ते पुढे कळेल.

घर, आवार आणि विहीर

पहिली तपासणी घरातच. कपाट, कपड्यांचं यंत्र, सोफ्याची फाटलेली पोकळी, माळा, कौलं आणि छत यांच्यामधली जागा, पावसाळ्यात गाडीच्या बॉनेटखालची ऊबदार जागा. घरातल्या प्रत्येकाने वेगळं बघावं, कारण एका माणसाला दिसलं नाही ते दुसऱ्याला दिसतं. पंधरा मिनिटं लागतात, पैसा लागत नाही.

लगेच विहीर. मी हे मथळ्यात लिहिलं त्याला कारण आहे. आपल्याकडे अजून घराघरांत उघड्या विहिरी आहेत, कठडा बुटका असतो, पावसाळ्यात पाणी वर आलेलं असतं. पाण्यात पडलेलं मांजर चिऱ्यांच्या फटीला नखं रोवून काही तास तग धरतं, मग हात सुटतात. इतर कुठलीही जागा दोन तास उशिरा बघितली तरी चालते, ही चालत नाही. विजेरी घ्या, पाण्यावर आणि चिऱ्यांच्या कडेकडेने फिरवा. जनावर दिसलं तर दोरीला बांधून पाटी किंवा फळी खाली सोडा म्हणजे ते चढून बसेल, आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. स्वतः उतरू नका. जुन्या विहिरीत तळाशी हवा कोंदलेली असते आणि माणूस बेशुद्ध होतो. आवाराजवळ चिरेखाण असेल तर तिथलं साठलेलं पाणीही याच फेरीत बघून घ्या.

मग आजूबाजूची बंद घरं. हा गोव्याचा खास घोळ आहे. मालक मुंबईत नाहीतर परदेशात, घर वर्षभर बंद, महिन्यातून एकदा राखणदार येतो, दारं-खिडक्या उघडून झाडतो, परत कुलूप लावतो. त्या तासाभरात मांजर आत शिरते आणि कोंडली जाते. माझी मांजर अशीच नऊ दिवस आत होती. टाकीच्या नळाचं थेंब थेंब पाणी पिऊन जगली. म्हणून “गेल्या दोन-तीन दिवसांत या रस्त्यावर कुणी कुठलं घर उघडलं होतं का?” हा प्रश्न विचाराच. राखणदाराला नुसतं विचारून थांबू नका. “नाही, आत काही नाही,” असं तो खऱ्या मनाने सांगतो, कारण त्याने बघितलेलं नसतं. किल्ली मागा, त्याच्यासोबत आत जा, आणि प्रत्येक खोलीत दोन मिनिटं गप्प उभं राहून ऐका.

या सगळ्या वेळात घरी एक माणूस थांबलाच पाहिजे. फाटक उघडं, फोन चालू. सगळं घर शोधायला बाहेर पडतं आणि जनावर परत येऊन बंद फाटकाला नाक लावून निघून जातं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. बाल्कांवात त्याचं अंथरूण किंवा तुमचा न धुतलेला सदरा ठेवा. उघड्यावर खाणं मात्र ठेवू नका. वाड्यावरची दहा कुत्री जमतात, आणि भ्यालेली मांजर त्यांच्यामधून घरापर्यंत पोचूच शकत नाही.

मग माणसांना विचारा, पण योग्य माणसांना

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्याकडची बहुतेक जनावरं या पायरीला सापडली आहेत.

पहाटे साडेपाचला उठा आणि पोदेराला (पाववाल्याला) गाठा. तो रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने, सायकलवर, सावकाश जातो. कुठल्या घरासमोर कुठलं कुत्रं झोपतं हे त्याला पाठ असतं, म्हणून नवीन कुत्रं त्याच्या नजरेत लगेच भरतं. मोटारीतून जाणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. त्याच्यामागून दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, मासळी विकणारी बाई, पंचायतीचे कचरा उचलणारे कामगार, बसचा कंडक्टर, नाक्यावरचे पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाले), बंगल्यांचे रात्रीचे पहारेकरी. बेटावर किंवा नदीकाठी राहत असाल तर फेरीबोटीवरचे कामगार. दिवाडीचा एक कुत्रा माणसांच्या पायांतून फेरीत चढून पलीकडे उतरला होता. घरचे तीन दिवस बेट पालथं घालत होते, आणि फेरीवरच्या माणसाला पहिल्या तासापासून माहीत होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

काय विचारता यालाही महत्त्व आहे. “आमचा टॉमी बघितला का?” असं विचारलं की लोक “नाही” म्हणतात, कारण टॉमी कोण हे त्यांना ठाऊक नसतं. त्याऐवजी “या बाजूला एखादं नवीन कुत्रं दिसतंय का? काल रात्री इथली कुत्री कुठे जास्त भुंकत होती?” असं विचारा. वाड्यावरची कुत्री परक्या कुत्र्याला भुंकून जागा दाखवून देतात. रात्री एकाच कोपऱ्यावर तास-दीड तास गलका झाला असेल, तर सकाळी तो कोपरा आधी बघावा.

मांजरीसाठी वेळ उलटी. रात्री दहानंतर, रहदारी थांबली की, विजेरी डोळ्यांच्या उंचीला धरून गाड्यांखाली, लाकडाच्या ढिगांत, ओट्यांखाली बघत जा. अंधारात तिचे डोळे चमकतात. हाक एकदाच, हळू आवाजात, आणि मग पाच मिनिटं एका जागी बसून राहा. घरापासून सुरुवात करून गोल वाढवत न्या, थेट लांब जाऊ नका. हरवलेल्या १,२१० मांजरांच्या शोधाची माहिती गोळा करून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश घरापासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती, आणि प्रत्यक्ष पायी शोधणाऱ्यांना मांजर जिवंत मिळण्याची शक्यता जास्त दिसली. ५०० मीटर म्हणजे आपल्या गावात एक वाडा आणि त्याच्या मागचं भाट (बागायत).

दिसलं तर धावू नका

सगळं शोधकार्य इथे फसतं. कुत्रं दिसतं, आनंदाने कुणीतरी ओरडतं, चार पोरं धावतात, आणि कुत्रं उलट दिशेला सुटतं. राष्ट्रीय महामार्ग ६६ जवळ हे झालं तर ते कुत्रं वाचत नाही. पर्वरीच्या बाजूला असं एक कुत्रं माझ्या डोळ्यांसमोर गेलं. सहा दिवस शोधलेलं होतं, पन्नास पावलांवर उभं होतं.

जिथे आहात तिथे खाली बसा. त्याच्याकडे तोंड करून नव्हे, कुशीला वळून, नजर जमिनीकडे. ओळखीच्या वासाचं काहीतरी जवळ टाका, बांगड्याचा भाजलेला तुकडा चांगला चालतो. बोलायचंच असेल तर रोज घरी बोलता तसं, त्याच सुरात. त्याची ओळखीची दुसरी कुत्री घरी असेल तर तिला साखळी लावून बरोबर आणा, माणसापेक्षा तिच्यावर ते लवकर विश्वास ठेवतं. हाताला आलं की पट्टा धरण्याआधी दोरीचा फास मानेत सरकवा. भीतीने बारीक झालेल्या मानेतून जुना पट्टा निघून येतो.

फोटो, पोस्टर, फोन

दोन-तीन तास पायी शोधून झालं की मगच हे.

एकच फोटो निवडा, उभ्या जनावराचा, बाजूने काढलेला, अंगावरचे ठिपके दिसतील असा. लाडाने कुशीत घेतलेले फोटो ओळखायला निरुपयोगी असतात. मजकूर: कुठल्या वाड्यावरून गेलं, तारीख आणि वार, पट्ट्याचा रंग, फोन. “दिसलं तर पकडू नका, फोटो काढून फोन करा,” हे वाक्य घालाच. तारीख नसेल तर तोच निरोप तीन वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतो आणि खऱ्या निरोपांकडेही लोकांचं दुर्लक्ष होतं.

एक खूण मात्र लपवून ठेवा. मागच्या पायाचं पांढरं बोट, पोटावरचा डाग, काहीही. कुणी “तुमचं कुत्रं माझ्याकडे आहे” म्हणून फोन केला की ती खूण विचारा. बक्षिसाची रक्कम लिहू नका, आणि जनावर डोळ्यांनी बघेपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. “मी बेळगावला आलोय, गाडीचं भाडं पाठवा, कुत्रा घेऊन येतो,” असे फोन येतातच, आणि त्या वेळी माणूस इतका हळवा असतो की पैसे पाठवून टाकतो. व्हिडिओ कॉल करायला सांगा. खरा माणूस लगेच करतो.

पोस्टरवर कोकणी, मराठी, इंग्रजी आणि हिंदी, चारही भाषांत दोन-दोन शब्द. गोव्याच्या रस्त्यावर दिवसभर असणारी माणसं आता नुसती गोव्याची नाहीत. बांधकामावरचा कामगार, हॉटेलातला मुलगा, घरपोच जेवण आणणारा, यांना कोकणी वाचता येईलच असं नाही, आणि हरवलेलं कुत्रं सर्वांत आधी बघतात ती हीच माणसं. अक्षर स्कूटरवरून वाचता येईल एवढं मोठं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड खाली ठेवा. विजेच्या खांबांवर आणि सरकारी भिंतींवर चिकटवू नका, गोव्यात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९८८ पासून कायदा आहे. पसऱ्यावर (किराणा दुकानात), तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात), औषधांच्या दुकानात, फेरीच्या धक्क्यावर, देवळाच्या आणि चर्चच्या फळ्यावर विचारून लावा. रविवारच्या मिसेनंतर चर्चच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलात तर अख्ख्या वाड्याला खबर जाते. पंचायतीच्या पंचालाही कळवा, त्याचा फोन सगळ्यांकडे असतो.

दवाखाने, निवारे आणि चिप

दुसऱ्या दिवसापर्यंत पत्ता नसेल तर गावातल्या आणि शेजारच्या दोन तालुक्यांतल्या गुरांच्या दवाखान्यांत फोटो द्या. पणजीत टोंकचा सरकारी दवाखाना आहे. आसगावात इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू आणि वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस, कुडचड्यात गोवा अ‍ॅनिमल वेल्फेअर ट्रस्ट, अशा संस्थांत जखमी जनावरं आणली जातात. फोनवर विसंबू नका, स्वतः जाऊन प्रत्येक पिंजरा बघा. तुमच्या लेखी “सोनेरी” असलेला कुत्रा तिथल्या माणसाच्या लेखी “तपकिरी” असतो. चिखलात माखलेलं, आठ दिवसांत वाळलेलं कुत्रं मालकालाही पटकन ओळखू येत नाही.

तुमच्या भागात त्या दिवशी नसबंदीची गाडी आली होती का, हे पंचायतीत किंवा पालिकेत विचारा. पट्टा नसलेलं कुत्रं भटकं समजून उचललं जातं. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रं उचललेल्या जागीच परत सोडायचं असतं, त्यामुळे काही दिवसांनी कानाला खाच घेऊन ते आपोआप घरी येण्याचीही शक्यता असते. पण शाळा, इस्पितळ, बसस्थानक, रेल्वे स्थानक किंवा क्रीडा संकुलाच्या आवारातून उचललं गेलं असेल तर तसं धरून बसू नका. ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार अशा ठिकाणांहून नेलेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत, निवाऱ्यात ठेवायची आहेत. तिथे जाऊन शोधावंच लागेल.

चिपबद्दल मोठा गैरसमज आहे. खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात ती तांदळाच्या दाण्याएवढी चिप जागा सांगत नाही. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ धरलं की १५ आकडी क्रमांक दिसतो, बस. तो क्रमांक तुमच्या नावाशी कुठेतरी जोडलेला असेल तरच उपयोग. म्हणून बसवणाऱ्या डॉक्टरकडे तुमचा आजचा फोन नोंदवलेला आहे ना, बघून घ्या. नंबर बदलल्यावर तो कळवायला लोक विसरतात, आणि चिप असूनही जनावर बेवारस ठरतं. पट्ट्याला एअरटॅग लावला असेल तर जवळून एखादा आयफोन जाईल तेव्हाच तो जागा कळवतो. कळंगुटात ते होईल, सत्तरीच्या रानात नाही. या सगळ्यापेक्षा पक्क्या शाईने पट्ट्यावरच लिहिलेला फोन नंबर मला जास्त उपयोगी पडलेला आहे. पट्टा नायलॉनचा घ्या, चामड्याचा आपल्या पावसात कुजतो.

पिंजरा, कॅमेरा, पोलीस

जनावर कुठे आहे ते कळलंय पण हाताला येत नाही, तर सापळ्याचा पिंजरा लागतो. तो संस्थांकडून मागून घ्या आणि लावायला त्यांचाच माणूस बोलवा. एकदा अर्धवट पडलेल्या दाराचा धक्का बसला की मांजर त्या पिंजऱ्याकडे पुन्हा फिरकत नाही. लावलेला पिंजरा सोडून घरी जाऊ नका. मे महिन्यात उन्हातल्या पिंजऱ्यात जनावर तासाभरातही दगावू शकतं.

चोरीचा संशय असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या, फोटो आणि लसीकरणाची वही जोडून. ती लवकर द्यावी, कारण दुकानांच्या आणि बंगल्यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तक्रारीची प्रत हातात असली की कॅमेरेवालेही दाखवायला तयार होतात.

इथे तुम्ही थांबा

काही ठिकाणी प्रेमाने पुढे जाणारा माणूस जनावरालाही मारतो आणि स्वतःलाही. विहीर मी वर सांगितली. कौलं आणि विजेचा खांबही अग्निशमन दलाचंच काम. महामार्गावर फिरणारं कुत्रं दिसलं तर ११२ वर फोन करा, रहदारी थांबवायला माणूस मिळाल्याशिवाय रस्त्यात उतरू नका. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या रानाकडे माग गेला असेल तर अंधार पडल्यावर आत जाऊ नका, तिथे बिबटे आहेत. काजूच्या बागांत रानडुकरांसाठी बेकायदा तारेचे फास लावलेले असतात. फासात अडकलेलं कुत्रं दिसलं तर तार ओढू नका, ती आणखी आवळते. अंगावर कापड टाका, वन खात्याला आणि डॉक्टरला बोलवा. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या काठाला मगरी आहेत, तिथे चिखलात उतरून शोधू नका.

जखमी कुत्रं स्वतःच्या मालकालाही चावतं. हाड मोडलेलं दिसलं तर तोंडाला पट्टी बांधता येत असेल तरच उचला, नाहीतर डॉक्टरची वाट बघा.

आणि रेबीज. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, त्यामागे घरोघर, गल्लोगल्ली लस टोचत फिरलेल्या माणसांचे कष्ट आहेत. पण आपल्या हद्दीला भिंत नाही. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, झोकांड्या देतंय किंवा विनाकारण अंगावर येतंय, असं कुत्रं तुमचं असलं तरी जवळ जाऊ नका. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात किंवा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जा. शोध दुसरा कुणी चालू ठेवेल.

तुम्हालाच सापडलं असेल तर

शेताच्या त्या काठावरचे तुम्ही असाल, तर पहिली विनंती: लांब नेऊ नका. म्हापशाला सापडलेलं कुत्रं दयेपोटी मडगावच्या मैत्रिणीकडे पोचवलं की घरचे म्हापशात शोधत राहतात आणि ते तिकडे. शक्य असेल तर पहिले एक-दोन दिवस त्याच वाड्यावर ठेवा.

आधी बघा की ते खरंच हरवलेलं आहे का. गोव्यात प्राणिमित्र वाड्यावरच्या कुत्र्यांनाही चमकणारे पट्टे घालतात. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे, डोक्यावर रंगाची खूण असेल तर नुकतीच लस टोचली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते शांतपणे झोपलेलं, ओळखीने शेपटी हलवणारं असेल तर तिथलंच असेल. समोरच्या पसऱ्यावर विचारल्याशिवाय उचलू नका. हरवलेलं कुत्रं थांबत नाही, प्रत्येक उभ्या गाडीच्या दाराशी जातं, माणसाच्या तोंडाकडे बघतं, किंवा अंग चोरून भिंतीच्या कडेने चालतं.

ठेवून घेतलंत तर घरच्या जनावरांपासून वेगळं ठेवा, पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे संसर्गाचे आजार एका दिवसात लागतात. दवाखान्यात नेऊन चिप तपासून घ्या. फोटो टाकताना तुम्हीही एक खूण लपवा. न्यायला आलेल्याकडे जुने फोटो आणि लसीकरणाची वही मागा. पण खरी ओळख कुत्रंच पटवतं, फक्त त्याला जरा वेळ द्या, भ्यालेलं असेल तर पहिल्या मिनिटाला ओळख दाखवणार नाही. आणि आवडलं म्हणून ठेवून घेऊ नका. मालक शोधायचा प्रामाणिक प्रयत्न न करता सापडलेली वस्तू आपली करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि जनावर कायद्याच्या दृष्टीने मालमत्ताच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पलीकडच्या घरात कुणीतरी रात्री फाटक उघडं ठेवून बसलेलं असतं.

परत आल्यावर

पहिल्या दिवशी भरपूर खायला घालू नका. पेज थोडी थोडी, पाणी हवं तेवढं. गोचीड कानांत आणि बोटांच्या मध्ये बघा, तळपाय बघा, आणि चाव्याची खूण असो वा नसो, दोन दिवसांत डॉक्टरला दाखवा. घरात एकटं सोडू नका, भिऊन गेलेलं जनावर पहिल्या आठवड्यात पुन्हा पळायची शक्यता असते. पुढच्या चवथीला, नरकासुराच्या रात्री आणि ३१ डिसेंबरला दुपारी चारलाच आत घ्या, खिडक्या लावा, पंखा मोठा करा.

सापडलं नसेल तर पहिले तीन दिवस जीव तोडून शोधा आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा तीच फेरी, तीच माणसं, तेच निवारे. कोंडलेल्या मांजरी तीन-तीन आठवड्यांनी आल्या आहेत. दुसऱ्या गावात कुणी पाळून ठेवलेला एक कुत्रा आम्हाला पाचव्या महिन्यात मिळाला, तो फक्त पोदेर अजून लक्ष ठेवून होता म्हणून.

आणि मिळालं की त्याच दिवशी सगळ्या गटांत “सापडलं” असं टाका, पोदेराला, फेरीवाल्याला, पंचाला सांगा, आणि पोस्टर स्वतःच्या हाताने काढा. पुढच्या घराचं पोस्टर लावायला तीच जागा लागते.